एक चांदणीवाला खरं बोलतो

आमच्या घरमालकांनी खोल्या दाखवायच्या आधी माझ्या पायांकडे बघितलं. मग माझ्या नवऱ्याच्या पायांकडे. मग आमच्या पत्र्याच्या ट्रंकेकडे.

"ही ट्रंक खालून कामून गंजली?"

"पूर्ण्याला रेल्वेच्या क्वार्टरात मोरीपाशी होती," मी सांगितलं. माझे वडील रेल्वेत, ट्रंक माहेरची.

ते वाकले, ट्रंक एका अंगानं उचलली, बुडाचा गंज नखानं खरवडला, नखाचा वास घेतला आणि म्हणाले, "पान्याचाच हाय." म्हणजे मी खरं बोलत होते असं ठरलं आणि सोनपेठेतल्या त्या दोन खोल्या आम्हाला मिळाल्या. माझं डोकं असं फिरलं होतं म्हणून सांगू! नवऱ्याला म्हटलं, ह्या घरात राहायचं म्हणजे रोज पोलीस ठाण्यात हजेरी द्यायची. नवरा शाळेत शिकवतो, गाव त्याला मास्तर म्हणतं, घरात मीही तेच म्हणते. मास्तर म्हणाले, "शाळेपासून जवळ आहे." त्यांच्या लेखी विषय संपला.

घरमालकांना सगळं गाव आप्पा म्हणायचं. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, पांढऱ्या सदऱ्याचं वरचं बटणसुद्धा लावलेलं, उन्हाळ्यातही. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लातूरकडे दिलेली. जन्मभर त्यांनी मोंढ्यात, म्हणजे आमच्याकडच्या धान्याच्या बाजारात, माल पारखायचं काम केलं. पोत्याच्या पोटात खुपसून आतले दाणे बाहेर काढायची एक टोकदार लोखंडी नळी असते. ती नळी मोंढा सोडल्यावरही त्यांच्या दाराच्या खुंटीला टांगलेली होती. "पोत्याचं तोंड सगळ्याचंच गोड असतंय, बाई," ते म्हणायचे. "तळ काढल्याबिगर बोलू नका."

मोंढ्यात त्यांची एक रीत होती, ती मला शेजारपाजारच्या बायांकडून कळली. एखाद्याच्या मालाच्या तळाशी खडे, माती निघाली तर आप्पा ओरडायचे नाहीत. त्या पोत्यातलाच एक खडा उचलायचे, मालकाच्या तळहातावर ठेवायचे, त्याची बोटं स्वतःच्या हातानं मिटवायचे आणि पुढच्या पोत्याकडे जायचे. बस. तो माल मग सौद्यात यायचा नाही, मालक गुपचूप पोती उचलून घरी न्यायचा. मोंढ्यात कुणी मूठ मिटून उभा दिसला की लोक त्याला चहाचं विचारायचे, मालाचं कुणी विचारत नसे.

असा माणूस म्हातारपणी काय करणार? पुतण्यानं त्यांना मोबाइल घेऊन दिला आणि आठ दिवसांत आप्पांना शक आला. फोन तळहातावर ठेवून ते ओट्यावर बसले होते, तापल्या लेकराचं कपाळ बघावं तसे. मला हाक मारली.

"बाई, तुमी कंपूटरवाल्या ना? हे गरम कामून हाय? मी काईच करायलो न्हाई. मंग आत कोन काम करायलंय?"

मी बघितलं तर पुतण्यानं फोन साफ करायचं म्हणून एक ॲप घालून दिलेलं, आणि ते साफ करणारंच आत बसून दिवसभर जाहिराती चरत होतं. मी ते काढून दिलं. फोन गार झाला. आप्पांनी फोनकडे, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "म्हंजे झाडूवालीच चोर." त्या दिवसापासून त्यांना नवा मोंढा मिळाला.

बाजाराच्या दिवशी त्यांच्या ओट्यावर रांग लागायला लागली. खेड्यापाड्यातून आलेली माणसं भाजीच्या पिशव्या बाजूला ठेवून फोन पुढे करायची. आप्पा आधी फोन तळहातावर ठेवून ताप बघायचे. मग एकेक ॲप उघडून ते काय काय मागतंय ते वाचायचे. एकदा काळीपिवळी जीप चालवणारा एकजण आला. त्याच्या फोनमध्ये टॉर्च निघाली.

"फोनमधी आधीच एक टॉर्च असताना ही दुसरी कामून?"

"ही लय उजेड पाडती, आप्पा."

"उजेड पाडायला हिला तुज्या बायकोचा नंबर कामून लागतोय?"

जीपवाल्यानं मान खाजवली.

"आन् तू कुठं कुठं जायलास ते कामून इचारायलीय? टॉर्च तुज्या हातात हाय का तू टॉर्चच्या हातात?"

रांगेतले सगळे हसले. जीपवाला लाजून म्हणाला, "काढून टाका मग." आप्पांनी फोन त्याच्या हातात दिला. "मी न्हाई. ज्यानं घरात घेतलं त्यानंच हाकलायचं. दाब." हा त्यांचा नियम. पुसायचं बोट ज्याचं त्याचं.

नवीन काही घ्यायचं असलं तरी लोक आधी आप्पांना दाखवायचे. ॲप जिथून घेतात त्याला आप्पा 'दुकान' म्हणायचे. दुकानात प्रत्येक मालाखाली लोकांनी चांदण्या दिलेल्या असतात आणि चार ओळी लिहिलेल्या असतात. आप्पा पाच चांदण्यांकडे ढुंकून बघायचे नाहीत. "पाच चांदन्यावाल्याला कुनीतरी चहा पाजलेला असतोय. एक चांदनीवाला खरं बोलतोय, त्याचं पोट दुखलेलं असतंय." म्हणून ते थेट तळाला जायचे, एक चांदणीवाल्यांचं मोठ्यानं वाचायचे, दोनवाल्यांचं वाचायचे आणि निकाल द्यायचे. तीनवाल्यांची त्यांना चीड. "तीन चांदन्यावाला म्हंजे लग्नात दोनदा जेवून नावं ठेवनारा. धड हो म्हनत न्हाई, धड न्हाई म्हनत न्हाई." निकाल बहुतेक एकच असायचा. "भुस्सा हाय. जाऊ द्या."

एवढ्यावर थांबले असते तर ते आप्पा कसले! जो माल भेसळीचा निघेल त्याखाली ते स्वतः तक्रार लिहायचे. एका बोटानं, अर्धा अर्धा तास. 'श्रीमान दुकानदार साहेब, सप्रेम नमस्कार. आपल्या दुकानातील सदर माल नासका आहे. तळ तपासावा, ही विनंती. कळावे.' आणि मग चार दिवस उत्तराची वाट बघायचे. "ह्या दुकानात गल्ल्यावर मानूसच बसत न्हाई का?" एकदा त्यांनी तक्रार केलेलं एक ॲप खरंच गायब झालं. आप्पांनी गल्लीत पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी तेच ॲप दुसऱ्या नावानं, दुसऱ्या रंगात दुकानात हजर. पेढा घशात अडकल्यासारखा चेहरा झाला होता त्यांचा. "कातडं टाकलं, साप तोच," म्हणाले आणि पुन्हा लिहायला बसले.

मी हे सगळं खिडकीतून बघायचे आणि हसायचे. हसू वरवरचं होतं. कारण मी दिवसभर लॅपटॉपवर काय करते, असं आप्पा रोज विचारायचे आणि मी रोज "कंपनीचं काम" म्हणून सांगायचे. कसली कंपनी अन् कसलं काय! मी ॲपं करत होते. बाळांची नावं, मेंदी, उखाणे, रांगोळी, आरत्या. एकूण आठ. सांगाडा एकच, कपडे वेगळे. दर दुसऱ्या टिचकीला एक जाहिरात. नांदेडला कंप्युटर शिकून, पुण्यात दोन वर्षं नोकरी करून, लग्न होऊन सोनपेठेत आले तर करणार काय? ही माझी स्वतःची कमाई होती, आणि मला तिचा अभिमान होता. खोटं कशाला बोलू, होता.

एके दिवशी माझ्या उखाण्यांच्या ॲपखाली एक चांदणी पडली. 'श्रीमान साहेब, सप्रेम नमस्कार. ह्यात उखाणे बारा व जाहिराती चाळीस आहेत. बाईचं नाव घेऊन होईपर्यंत नवरा म्हातारा होईल. कळावे.'

अगं बाई गं! मी खिडकीतून बाहेर बघितलं. आप्पा ओट्यावर चष्मा पुसत बसले होते. त्यांना काडीची कल्पना नव्हती की त्यांनी ज्याला नावं ठेवली तो माल त्यांच्याच भिंतीपलीकडे तयार होतो. मी चहा घेऊन गेले तर मलाच वाचून दाखवलं. मी हसले. दात ओठ खाऊन हसता येतं हे त्या दिवशी कळलं.

पुढच्या महिन्यात दुकानानं माझी आठही ॲपं एका फटक्यात काढून टाकली. सगळा माल एकाच साच्यातला आहे, पुन्हा असं केलं तर खातं कायमचं बंद, असं कळवलं. आता विचार केला की वाटतं, एका म्हाताऱ्याच्या पत्रानं एवढं मोठं दुकान कशाला हलेल? पण तेव्हा माझी पक्की खात्री होती की हे आप्पांचंच काम. आणि तेव्हापासून मी त्यांच्याकडे संशयानं बघायला लागले, जसे ते सगळ्या जगाकडे बघायचे. ते दाराशी घुटमळले की मी लॅपटॉप मिटायचे. ते आत येऊन मिटलेल्या लॅपटॉपवर सहज हात ठेवायचे. "गरम हाय," म्हणायचे आणि जायचे.

एका दुपारी ताक द्यायला गेले आणि सहज विचारलं, "आप्पा, तुम्हाला कधी कुणी फसवलंच नाही का?"

त्यांनी ताकाचा पेला खाली ठेवला. उठले, फाटकाची कडी लावून आले. मग हळू आवाजात सांगितलं. एक व्यापारी होता. दोन वर्षं तो नुसता आप्पांचा हात बघत होता. नळी कुठं घुसते, किती घुसते. त्यानं ओळखलं की आप्पा वरची मूठ बघतात आणि तळ काढतात. त्यानं वर चांगली तूर भरली, तळाला चांगली तूर भरली, आणि मधल्या पट्ट्यात गेल्या सालची किडकी. आप्पांनी माल पास केला. त्यांच्या शब्दावर तो माल एका खेडूतानं बियाण्याला नेला, अर्धं रान उगवलंच नाही.

"मग त्या व्यापाऱ्याला खडा दिला का?"

"खडा मला द्यायला पायजे व्हता, बाई. मला कोन देनार? त्याच साली मी मोंढा सोडला."

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. आणि त्याच वेळी डोक्यात एक दिवा लागला, तोही खरा.

मास्तरांच्या नावानं मी दुसरं खातं काढलं आणि हवामानाचं ॲप केलं. गावाचं नाव टाका, आजचं आभाळ बघा. ते फक्त गावाचं नाव मागायचं, बाकी काही नाही, कारण आप्पा मागण्या वाचतात हे मला माहीत होतं. मग मी पूर्ण्याच्या बहिणीला, झरीच्या नणंदेला, त्यांच्या शेजारणींना कामाला लावलं. वरच्या पाच चांदण्या तर भरल्याच. पण तळही भरला. एक चांदणी देऊन बहिणीनं लिहिलं, 'अंदाज बरोबर येतो. पण मला पाऊस हवा होता आणि ह्यानं नाही सांगितला. नाही आला.' नणंदेनं दोन चांदण्या देऊन लिहिलं, 'सगळं खरं सांगतं, अक्षर तेवढं बारीक आहे.'

आप्पांनी हे मोठ्यानं वाचलं आणि पोट धरून हसले. तरीही लगेच पास केलं नाही. पौष संपता संपता त्यांनी फाटकाच्या आतल्या बाजूला खडूनं लिहायला सुरुवात केली. सकाळी ॲप काय म्हणतंय ते, म्हणजे दिवसाचा पारा, रात्रीचा पारा, ऊन का ढग, आणि संध्याकाळी आभाळानं काय केलं ते. रोज. जुळलं की समोर एक बारीक रेघ. मी येता जाता त्या रेघा मोजायचे. परीक्षेच्या निकालाचीसुद्धा मी इतकी वाट बघितली नव्हती. मला त्यांना फसवायचंही होतं आणि त्यांच्याकडून पासही व्हायचं होतं, आता हे कुणाला समजावून सांगणार?

महाशिवरात्रीचा उपास सोडला त्या सकाळी आप्पा म्हणाले, "ह्याचा तळ साफ हाय." आणि गयाबाईच्या फोनमध्ये ते ॲप त्यांनी स्वतःच्या हातानं घालून दिलं. जन्मात पहिल्यांदा त्यांनी कुणाच्या फोनमध्ये काही घातलं होतं. आजवर नुसतं काढायलाच लावलेलं.

गयाबाई म्हणजे रोज सकाळी आप्पांना शेळीचं दूध घालणारी बाई. तिचा मेंढरांचा कळप गोदेच्या अंगाला, गावाबाहेरच्या रानात असायचा. बाई एकदम कडक, माझ्या हातचा चहासुद्धा आधी वास घेऊन प्यायची. पण आप्पांवर तिचा आंधळा भरोसा. आणि आप्पांनी दिलं म्हटल्यावर बाजाराच्या रांगेतल्या सगळ्यांनी ते घेतलं, त्यांच्या गाववाल्यांनी घेतलं. मला तर आभाळ ठेंगणं झालं.

आता माझ्या पापाचा भाग. मी अंदाज जिथून घ्यायचे तिथं तो फुकटात महिन्याला ठरावीक वेळाच मिळायचा. थोडी माणसं असली की पुरायचा. आप्पांच्या शब्दामुळं माणसं वाढली आणि फाल्गुनाचा पहिला आठवडा सरता सरता तो संपला. संपल्यावर ॲपनं 'अंदाज नाही' असं सांगायला हवं होतं. पण तसं सांगितलं की लोक काढून टाकतात. म्हणून मी आधीच अशी तजवीज करून ठेवली होती की शेवटचा अंदाज तसाच ठेवायचा आणि वरची तारीख तेवढी रोज बदलायची. शिळ्या भाकरीला तूप लावून ताजी म्हणून वाढायची. मला माहीत होतं. पण म्हटलं, फाल्गुनात कुठला आलाय पाऊस! पुढच्या महिन्यात बघू.

होळीच्या आधी गयाबाईच्या घरी मेंढ्यांची कातरणी निघाली. भावकीतली माणसं कात्र्या घेऊन येतात, दिवसभर लोकर कातरतात, मग जेवण होतं. उघडी पडलेली मेंढी चार दिवस गारठ्याला फार नाजूक असते, म्हणून आभाळ बघूनच कातरणी धरायची. गयाबाईच्या नवऱ्यानं सकाळी आभाळ बघितलं आणि म्हणाला, आज नको, ढगाचा रंग बरा न्हाई. गयाबाईनं फोन पुढे केला. आजची तारीख. खाली स्वच्छ सूर्य. "आप्पांनी घालून दिलंय," ती म्हणाली आणि कातरणी झाली.

दुपारून गारा पडल्या. अर्धा तास. मग थंडगार पाऊस, अंधार पडेपर्यंत. आमच्या पत्र्यावर गारांचा जो आवाज झाला तो ऐकत मी खोलीत उभी होते, आणि मला गयाबाईची कातरणी आहे हे ठाऊक नव्हतं, देवाशपथ. दुसऱ्या दिवशी दूध आलं नाही. तिसऱ्या दिवशी ती आली, रिकाम्या हातानं. नऊ मेंढ्या आणि चार कोकरं गेली होती.

ती रडली नाही. आप्पांच्या पुढ्यात फोन ठेवला. "आप्पा, माजा धनी आभाळ बगून नको म्हनला व्हता. मी त्याचं ऐकलं न्हाई, तुमचं ऐकलं." एवढंच बोलली, फोन उचलला आणि गेली.

आप्पांनी त्या दिवशी जेवण केलं नाही. दुसऱ्या सकाळी फाटकाच्या आतल्या बाजूला पुन्हा खडूनं एक ओळ दिसली. पस्तीस, अठरा, ऊन. त्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्याखाली पस्तीस, अठरा, ऊन. बाहेर भरून आलेलं होतं. तिसऱ्या दिवशी पस्तीस, अठरा, ऊन. तीन ओळी, एकसारख्या. मी दळणाचा डबा घेऊन त्या फाटकातून जात येत होते, नजर डब्यावर ठेवून. ॲप दुरुस्त करायला मला दहा मिनिटं लागली असती. पण आत्ता अंदाज बदलला तर आप्पांना कळेल की कुणीतरी घाबरलंय, अशी भीती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही.

चौथ्या दिवशी मास्तर शाळेत गेल्यावर आप्पा आमच्या दारात आले. आत आले नाहीत.

"बाई, काल मी तीन चांदन्यावाल्यांचं वाचलं. पैल्यांदाच वाचलं. सगळे लिवायलेत, रोज तेच दाखवतंय, रोज तेच दाखवतंय. वरचा माल साफ, तळ साफ, किडकं सगळं मधल्या पट्ट्यात."

मी चौकट धरली.

"मधल्या पट्ट्याची ती गोष्ट मी जन्मात कोनालाच सांगितली न्हाई. लाज वाटायची. एका मानसाला सांगितली फक्त."

त्यांनी माझा हात ओढून घेतला, तळहात वर केला. त्यावर एक खडा ठेवला. अंगणातलाच, साधा, तुरीएवढा. माझी बोटं एकेक करून मिटवली आणि गेले. मी त्या चौकटीत बसून ढसाढसा रडले. शेजारीण आली, मूठ बघितली आणि म्हणाली, "चहा टाकू का?"

पुढच्या बाजाराला आप्पा ओट्यावर बसले नाहीत. माणसं फोन घेऊन आली तर त्यांना परत पाठवलं. "माजी नळी वाकडी झाली. दुसरीकडं दाखवा." दुसरीकडं म्हणजे कुठं? असा माणूस पंचक्रोशीत दुसरा नव्हताच. माझं नाव त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. "चूक माजी झाली," असंच ते गावभर सांगत होते. मास्तरांनी रात्री मला एवढंच विचारलं, "खातं माझ्या नावावर आहे ना?"

ॲप मी त्याच दिवशी दुकानातून काढू शकले असते. पण मग ते गुपचूप गेलं असतं, आणि ज्यांच्या फोनमध्ये होतं तिथं आजची तारीख लावून तसंच खोटं बोलत राहिलं असतं. मी आधी ते बदललं. उघडलं की एकच ओळ दिसेल, 'हा अंदाज जुना होता, हे काढून टाका.' मग माझा स्वतःचा फोन घेतला, स्वतःच्या नावानं, आणि माझ्याच ॲपला एक चांदणी दिली. खाली लिहिलं. तीनदा पुसून लिहिलं.

गयाबाईनं दूध पुन्हा सुरू केलं होतं. सकाळी ती आली तेव्हा आप्पा ओट्यावर होते. मी फोन त्यांच्यापुढे धरला. म्हटलं, "आप्पा, तळ वाचा."

त्यांनी चष्मा लावला. मोठ्यानं वाचायची त्यांची सवय. 'हे ॲप मी केलं. तारीख रोजची असायची, अंदाज शिळा. मला माहीत होतं. तळाचं चांगलं मीच लिहून घेतलं. आप्पांना मी फसवलं. ह्यामुळं गयाबाईची मेंढरं मेली.' खाली माझं नाव होतं. मनातून मला वाटत होतं की ते नाव गाळतील. त्यांनी नाव वाचलं. आडनावासकट.

गयाबाईनं दुधाचं भांडं खाली ठेवलं. माझ्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही तिनं. "आप्पा, मंग आता हिला काय करायचं?"

"मी न्हाई सांगत. माज्या हातून एकदा चुकलंय."

 गयाबाईनं आपला फोन उघडला, ते ॲप स्वतःच्या बोटानं दाबून पुसलं आणि उठता उठता म्हणाली, "दसरा झाला की कातरनी हाय. हिला म्हनावं, फोन घरी ठेव आन् रानात ये. आभाळ तिनं बगायचं. दिसभर."

माझी ॲपं तिथंच संपली. आता मी परभणीला एका दवाखान्यात कंप्युटरवर बसते, खडा माझ्या हळदीच्या डब्यात आहे. मेंढरांची भरपाई म्हणून मी बांगड्या द्यायला गेले होते, तर गयाबाईनं दारातून परत पाठवलं. "कातरनीला ये म्हनलं ना? तेवढं कर." आप्पा त्या पावसाळ्यात पुन्हा ओट्यावर बसायला लागले होते. आता तीन चांदण्यावाल्यांचंही वाचायचे, त्यामुळं रांग दुपारपर्यंत हलत नसे. माझ्याशी ते कामापुरतं बोलायचे.

कातरणीच्या दिवशी सकाळी सात वाजता मी रानात गेले. फोन घरी होता. मला एका उंच बांधावर बसवलं. खाली कात्र्या चालल्या होत्या, मेंढ्या उघड्या पडत होत्या, गुलाबी, थरथरत्या. आप्पाही आले होते, पिंपळाखाली बाजेवर बसले होते, वरच्या बटणासकट. ऊन चढलं तशी माझी मान दुखायला लागली, डोळ्यांत पाणी यायला लागलं. तरी खाली बघायची हिंमत होत नव्हती. मावळतीकडं कापसाच्या बोंडाएवढा ढग दिसला तरी मी उठून उभी राहायचे. मग तो विरून जायचा.

थोड्या थोड्या वेळानं गयाबाई कात्री थांबवून हाक मारायची, "बाई, काय म्हनतंय आभाळ?"

"स्वच्छ हाय," मी वरून ओरडायचे.

आणि दर वेळी आप्पा बाजेवरून उठायचे, पिंपळाच्या सावलीतून बाहेर यायचे, डोळ्यांवर हात धरायचे आणि स्वतः वर बघायचे. मगच गयाबाईला मान हलवायचे. संध्याकाळी शेवटची मेंढी हातात होती तेव्हा गयाबाईनं पुन्हा विचारलं. मी चारी बाजूंनी फिरून बघितलं, घसा बसला होता, तरी सांगितलं, "स्वच्छ हाय, आप्पा."

आप्पा उठले.